लाइन गेली, लाइन आली

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या औरादच्या बाजारात मराठी, कन्नड, दखनी कुठलीही बोली ऐका, 'लाइन' हा शब्द येतोच. अर्थ मात्र दर वेळी निराळा. मूळ लॅटिन 'लिनिया', म्हणजे जवसाच्या वाखाचा दोरा. आपल्याकडे जवस चटणीपुरता उरला, तिकडे त्याच्या ताणलेल्या दोऱ्यातून रेघ आणि पुढचे सगळे अर्थ निघाले.

शेतकऱ्याची लाइन म्हणजे वीज. 'रात्री लाइन येणार' म्हटले की तो बॅटरी घेऊन विहिरीवरच्या मोटारीकडे निघतो. इथे 'तार' म्हणून भागत नाही. तार खांबावरच असते. जाते-येते ती लाइन, आणि ती गेली की शोध लाइनमनचा. जवळच्या कमलनगरची लाइन म्हणजे रेल्वे, पोलीस लाइन म्हणजे घरे. 'पोरगं लाइनीला लागलं' म्हणजे कमावू लागले. 'लाइन मारतंय' म्हणजे भलतेच.

मराठीत या एका शब्दाची कामे वाटलेली आहेत: वहीवर रेघ, कवितेत ओळ, रेशन दुकानापुढे रांग, पेरणीत तास. कन्नडमध्येही ओळ ती 'सालु' आणि आखलेली रेघ ती 'गेरे'.