केलेलं काम दाखवायचं कसं?

चित्रकला चांगली असलेली बरीच मुलं दहावी-बारावीनंतर डिझाइनकडे वळतात. काम छान करतात, पण ते ग्राहकाला पटवून देताना अडखळतात. आज त्याविषयी थोडं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या नौपाड्यातल्या शाळेला पहिलीच्या प्रवेशासाठी फलक हवा होता. मराठी माध्यम, पट घसरलेला. एक तुकडी टिकेल की नाही, याचीच धास्ती होती. एका माजी विद्यार्थ्याने व्हॉट्सॲपवर चार नमुने पाठवले आणि खाली एकच ओळ, "बाई, कोणता आवडला?" झालं! स्टाफरूममध्ये सात जणांची आठ मतं. शेवटी चारही नमुन्यांची खिचडी झाली आणि ती रस्त्यावरून कुणाला वाचता येईना. चूक आमचीही होतीच. पण आवडीचं विचारलं की माणूस आवडच सांगणार ना?

आता आपल्या रुपयाचं चिन्ह घ्या. केंद्र सरकारने स्पर्धा घेतली आणि १५ जुलै २०१० रोजी पवईच्या आयआयटीतले डी. उदय कुमार यांचं चिन्ह मंजूर झालं. ₹ मागची कारणं कुणालाही बोट ठेवून दाखवता येतात: देवनागरी 'र', उभी रेघ नसलेला रोमन 'आर', आपली शिरोरेषा, आणि दोन आडव्या रेघांमधल्या मोकळ्या जागेमुळे होणारा तिरंग्याचा भास. येन आणि युरोलाही दोन आडव्या रेघा असतात, म्हणून ते त्यांच्या पंगतीत शोभतं. इथे आवडीनिवडीचा प्रश्नच मागे पडतो.

पुढच्या वर्षी तोच मुलगा एकच नमुना घेऊन स्वतः आला. लगेच उलगडला नाही. आधी विचारलं, "बाई, हा वाचणार कोण?" आम्हीच म्हणालो, रिक्षातून जाणारी आई. "किती वेळ?" चार-पाच सेकंद. मग त्याने खऱ्या मापाचा प्रिंट गॅलरीतून खाली सोडला आणि आम्हाला रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं. (मोबाइलवर सगळंच सुबक दिसतं हो!) मुख्याध्यापक म्हणाले, "बोधचिन्ह मोठं कर." तो नाही म्हणाला नाही. "करतो सर, पण मग फोन नंबर लहान होईल. चालेल?" सरांनीच नको म्हटलं.

प्रवेशाचं सगळं श्रेय फलकाला देणार नाही, आम्ही घरोघरीही फिरलो. पण चौकशीला आलेल्या दोन आया म्हणाल्या, "नंबर रिक्षातूनच टिपला."