थीम पार्कची सहल : आधी हिशेब, मग पाळणा

सुट्ट्या जवळ आल्या की बैठकीत विषय निघतोच, "ताई, यंदा पोरांना घेऊन मोठ्या पार्कला जाऊ या का?" जरूर जाऊ या. वर्षभर शेत, चूल, गुरं सांभाळणाऱ्या बाईला एक दिवस मोकळेपणी हसायचा हक्क आहे. फक्त तयारी बैठकीतच करा.

पैसे : खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या पार्कमध्ये जत्रेसारखे पाळण्यागणिक पैसे द्यावे लागत नाहीत. फाटकावर एकदाच तिकीट काढायचं, त्यात बहुतेक पाळणे आले. म्हणून रक्कम एकदम मोठी वाटते. त्यासाठी गटाच्या बचतीला हात लावू नका, अंतर्गत कर्जही घेऊ नका. ते बियाण्याला, आजारपणाला, शिक्षणाला लागतं. वेगळी वर्गणी काढा. आठवड्याला ५० रुपये टाकले, तर ३० आठवड्यांत १,५०० रुपये होतात. ठराव लिहा, वही वेगळी ठेवा. तिकिटाचे दर दिवसाप्रमाणे बदलतात, आधी फोन करून विचारा. मुलांचं तिकीट बऱ्याच ठिकाणी वयावर नाही, उंचीवर ठरतं. घरीच उंची मोजून घ्या.

प्रवास : एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. जवळच्या स्थानकापर्यंत एसटीने गेलात तर बरीच बचत होते.

कपडे : पाण्याच्या पार्कमध्ये साडी चालत नाही. सैल कापड घसरगुंडीत अडकतं, पाय गुंततो. तिथे नायलॉनचा पोशाख लागतो, तो भाड्याने मिळतो. भाडं आणि अनामत रक्कम जवळ ठेवा. हे आधी माहीत नसलं की बाई फाटकावर अवघडते आणि दिवसभर बाकावर बसून पिशव्या सांभाळते. पाळण्यावर बसतानाही ओढणी खोचा, केस बांधा, बांगड्या कमी घाला.

तब्येत : रोलर कोस्टरला साखळीने उंच ओढतात आणि सोडून देतात. पुढे तो स्वतःच्या वजनानेच धावतो. खाली येताना आपण आणि आपली खुर्ची एकाच वेगाने पडतो, अंगाखालचा आधार सुटल्यासारखा होतो, म्हणून पोटात गोळा येतो. गरोदर बाईने, बीपी, हृदयविकार किंवा पाठीचं दुखणं असलेल्यांनी त्यात बसू नये. "नको" म्हणण्यात लाज कसली? कुणी आग्रहही करू नका. उपवासाच्या दिवशी सहल ठेवू नका; रिकाम्या पोटी उन्हात चक्कर येते.

मुलं : प्रत्येक मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते आत शिरतानाच ठरवा.

परत आल्यावर पुढच्या बैठकीत सगळा खर्च वाचून दाखवा. हिशेब चोख असला की पुढच्या वर्षीच्या सहलीला घरातूनही कुणी नाही म्हणणार नाही.