महासारोपम सुत्त आणि काष्ठशिल्प

मज्झिम निकायातील महासारोपम सुत्त भगवान बुद्धांनी देवदत्त संघातून फुटून गेल्यानंतर राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर उपदेशिले. त्यातील दृष्टांत असा : झाडाचा गाभा हवा म्हणून एक मनुष्य वनात जातो, आणि फांद्या-पाने तोडून त्यांनाच गाभा समजून परततो. दुसरा वरचा पापुद्रा, तिसरा साल, चौथा सालीआडचे कच्चे लाकूड नेतो. पाचवा मात्र गाभाच नेतो. लाभ-सत्कार-कीर्ती म्हणजे फांद्या-पाने, शील म्हणजे पापुद्रा, समाधी म्हणजे साल, ज्ञानदर्शन म्हणजे कच्चे लाकूड आणि अचल चित्तविमुक्ती म्हणजे गाभा, अर्थात 'सार'.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीतील शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांनी हा दृष्टांत लाकडातच कोरून पाहावा, असे आम्हांस वाटते. सागाचा ओंडका आडवा कापला की त्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो. बाहेरचे फिकट लाकूड वाळवी लवकर खाते. आतला सोनेरी-तपकिरी गाभा आपल्या अंगच्या तेलकट द्रव्यांमुळे टिकतो. तेव्हा पाच माणसे कोरून खाली नावे लिहिण्याचे कारण नाही. एकाच ओंडक्यावर साल, कच्चे लाकूड व गाभा क्रमाने उघडे ठेवावेत. पाहणाऱ्याचा हात बाहेरून आत जाईल.

मात्र साल तुच्छ म्हणून तासून टाकू नये. सालीवाचून झाड जगत नाही. सुत्त शीलाला कमी लेखत नाही. तेवढ्यावर संतुष्ट होऊन गर्वाने थांबणे, हा दोष ते दाखविते.

हे काम आपल्या भूमीला नवे नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी सुमारे २००० वर्षे टिकून आहेत, आणि तेथील शिलालेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे सोनार व लोहार दाते म्हणून आढळतात. ज्या कष्टकरी हातांना पुढे समाजव्यवस्थेने हीन ठरविले, त्यांची नावे धम्माने दगडावर जपली.

प्रदर्शनातील पारितोषिक विद्यार्थ्याने आनंदाने घ्यावे, पण ते फांद्या-पानांतच मोजावे. विहारानेही अशा शिल्पाला हार घालून मोकळे होऊ नये. १९५६ साली बाबासाहेबांनी आपणांस दिलेला धम्म समजून आचरण्याचा आहे. शिल्पासमोर बसून सुत्त वाचले जावे, त्यावर चर्चा व्हावी, यातच त्या लाकडाचे सार्थक आहे.