रेघ जुळली म्हणून उत्तर खरं ठरत नाही

रुग्णांचे आकडे भरले की सॉफ्टवेअर साथीचा खरा वेग काढून देतं, हा समज कोविड ओसरूनही हटत नाही. आलेखावरची रेघ आकड्यांवर चपखल बसली की अनेकांना तेवढा पुरावा पुरतो. तो का पुरत नाही, हे मुंबईच्याच प्लेगने दाखवलं आहे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या मुंबई बेटावरच्या प्लेगमृत्यूंवर करमॅक आणि मॅकेन्ड्रिक या संशोधकांनी १९२७ साली आपलं साथीचं समीकरण बसवलं. रेघ इतकी सुरेख बसली की पाठ्यपुस्तकांत ती आजही छापतात. पण प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा. परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, त्याच सुमारास प्लेग आयोगाचे प्रयोग हेच सिद्ध करत होते. शिवाय साथ ऋतूनुसार चढत-उतरत होती. समीकरणात ना उंदीर, ना ऋतू. आपलं गणित अगदी ढोबळ आहे, असं त्या दोघांनीच लिहून ठेवलं होतं. ते वाचायचं सोडून लोक चित्र तेवढं उचलतात! त्या आकड्यांशी रेघ जुळवणाऱ्या समीकरणातल्या किमती वास्तवाला धरून नाहीत, हे गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ साली दाखवलं.

साथीचा वेग काढणारं आजचं ‘एपिएस्टिम’ हे सॉफ्टवेअरही गृहीतकांवरच चालतं. एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होते, म्हणजे ‘आर’, ते काढताना एका रुग्णाची लक्षणं आणि त्याच्यामुळे आजारी पडलेल्याची लक्षणं यांतलं अंतर आपणच पुरवायचं असतं. रुग्ण दर ८ दिवसांनी दुप्पट होत असताना हे अंतर ४ दिवस धरलं, तर आर साधारण १.४ येतो, ८ दिवस धरलं, तर २. आकडे तेच! मग हे सॉफ्टवेअर निरुपयोगी का? मुळीच नाही. गृहीतकं उघड सांगितली आणि अंदाजाची वरची-खालची मर्यादा सोबत दिली, तर साथ वाढते आहे की घटते आहे, हे त्यातून बऱ्यापैकी कळतं. सगळ्या रुग्णांची चाचणी झाली नाही म्हणून आर खोटा, हेही चूक: चाचणीतून सुटणाऱ्यांचं प्रमाण स्थिर असेल तर ते नव्या-जुन्या रुग्णांच्या भागाकारात उडून जातं, बदललं तरच घोटाळा होतो. आर १ च्या खाली गेला म्हणजे साथ संपली असंही नाही. हजारो रुग्ण तेव्हाही असू शकतात. शेवटच्या काही दिवसांतली घट बरेचदा अहवाल उशिरा येण्यामुळे दिसते. आणि मुंबई महापालिकेच्या जी-उत्तर विभागात दादर, माहीम, धारावी एकत्र येतात. तिथला एकच आर तिन्हींपैकी कुणाचाही असेलच असं नाही.