रस्त्यावर पडलेला माणूस

१९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला असेल, आपल्या सुरत जिल्ह्यात कोसंबानजीक रस्त्याकडेला निजलेल्या मजुरांवर एक डंपर चढला आणि १५ जीव गेले. उसाच्या ट्रॅक्टरला धडकून चालकाचा ताबा सुटला होता. मेलेले बहुतेक राजस्थानातील बांसवाडा भागातून पोटासाठी आलेले. त्यांची वार्ता देशभर पोहोचली. परंतु शहरातल्या चौकात एखादा एकटाच पडतो, त्याची वार्ता शेजारच्या गल्लीतही जात नाही.

असाच एक जण २०१४ साली आमच्या वखारीसमोर पडला. हातगाडीवर गव्हाची पोती घेऊन निघालेला हमाल. मागून भरधाव आलेल्या टेम्पोने त्याला उडविले आणि टेम्पो पसार झाला. मी गादीवरून उठलो, परंतु पायरीवर थबकलो. पोलीस येतील, साक्षीला बोलावतील, ऐन हंगामात कोर्टाच्या फेऱ्या सुरू होतील, हे सारे त्या एका क्षणात मनात येऊन गेले. जमलेल्या चाळीस-पन्नास माणसांच्या मनातही तेच असावे. पाणी पाजण्यापलीकडे कोणाचा हात पुढे होईना. (बेशुद्धाला पाणी पाजणेही घातक, हे मागाहून डॉक्टरांकडून कळले.) अखेर आमच्या दिवाणजींनी रिक्षा थांबविली. हमाल वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. पुढे तो वखारीत बसून पोती मोजू लागला. त्याच्याकडे दृष्टी गेली की मला ती पायरी आठवे.

आज तसे थबकण्याचे कारण उरलेले नाही. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या रक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर त्यापायी दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही; आपले नाव सांगणे न सांगणे त्याच्या इच्छेवर आहे. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायद्यानेच विशेष महत्त्व दिले आहे. खर्चाची चिंताही कमी झाली आहे. २०२५ च्या योजनेनुसार जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता होतात. वाहन पळून गेले तर मृताच्या वारसांना २ लाख व गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पूर्वी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. या भरपाईसाठी अर्ज करावा लागतो, आणि हमालाच्या घरी अर्ज लिहून देणारा कोण असतो? आपल्या पेढ्यांवर लिहिणारी माणसे आहेत.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यापैकी पुष्कळांना रुचणार नाही. "सकाळी सातच्या आत माल उतरला पाहिजे" असे आपणच फोनवर बजावतो, आणि ड्रायव्हर रात्रभर डोळे ताणून गाडी हाकतो. दहा पोती जास्त भरण्याचा आग्रहही आपलाच असतो. मीही ते वर्षानुवर्षे केले आहे. अलीकडे भाडे ठरविताना ड्रायव्हरला मी प्रथम एवढेच विचारतो, "काल रात्री झोप झाली का?" तो आधी हसतो; मग बहुधा खरे सांगतो.