रेसिपी विदा प्रणाली (औद्योगिक ऑपरेटर पॅनेल)

रेसिपी विदा प्रणाली ही एखाद्या उत्पादनासाठी यंत्राला लागणारी तापमान, वेळ, वेग, दाब यांसारखी मूल्ये साठवून ठेवणारी आणि हवी तेव्हा ती यंत्राच्या नियंत्रकाकडे, म्हणजे पीएलसीकडे, पाठवणारी व्यवस्था होय. यंत्राजवळच्या ऑपरेटर पॅनेलच्या पडद्यावर कामगार उत्पादनाचे नाव निवडतो आणि त्याची सर्व मूल्ये एकदम लागू होतात. 'पाककृती' हा मराठी शब्द असला तरी कारखान्यांत 'रेसिपी' हाच रूढ आहे. छत्रपती संभाजीनगर परिसरातील वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत औषधे, बिअर आणि वाहनांचे सुटे भाग तयार होतात. एकाच यंत्रावर आलटूनपालटून अनेक उत्पादने घ्यावी लागणाऱ्या अशा उद्योगांत ही प्रणाली उपयोगी पडते.

ठरावीक साच्याची अडचण

साध्या पद्धतीत प्रत्येक मूल्याला तक्त्यातील एक स्तंभ आणि पीएलसीच्या स्मृतीतील एक जागा कायमची नेमून दिलेली असते. बिअरसाठी माल्टचे पीठ गरम पाण्यात मुरवताना साधारण ६३ अंश सेल्सिअसला आंबवता येणारी साखर अधिक मिळते, तर ७० अंशांच्या आसपास न आंबणारा अंश वाढून बिअर दाट लागते. म्हणून एका प्रकाराला तापमानाचे तीन टप्पे लागतात, तर दुसऱ्याला चार. तक्ता तीन टप्प्यांचाच असेल, तर चौथ्यासाठी पॅनेलचा प्रोग्राम बदलावा लागतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की मध्येच स्तंभ वाढवल्यास जुन्या संचिकांतील आकडे एकेक घर सरकतात. ७८ अंश हे तापमान मग ७८ मिनिटे म्हणून वाचले जाते, आणि आकडा दिसायला योग्य असल्याने चूक चटकन लक्षात येत नाही.

लवचीक रचना

लवचीक रचनेत स्तंभांऐवजी ओळी वापरतात. रेसिपी, तिचे टप्पे आणि टप्प्यांतील मूल्ये यांचे तक्ते वेगळे असतात. नवा टप्पा म्हणजे फक्त नवी ओळ. पडदा आहेत तेवढ्या ओळी दाखवतो. प्रत्येक घटकाची व्याख्या एकदाच नोंदवतात: सांकेतिक क्रमांक, एकक, किमान व कमाल मर्यादा आणि दशांश स्थाने. दशांश स्थाने क्षुल्लक वाटतात, पण १६ बिटांच्या पूर्णांकात ६७.५ हे मूल्य बहुधा ६७५ म्हणून ठेवले जाते. ही खूण हरवली तर मूल्य दहापट होते. घटकाची ओळख क्रमांकाने होत असल्यामुळे पडद्यावरील नाव मराठीत देता येते. मात्र घटकांची नावे कोणालाही मनाप्रमाणे भरू दिली, तर 'तापमान' आणि 'टेम्प' हे दोन निराळे घटक होऊन बसतात. लवचीकतेला एवढी शिस्त आवश्यकच आहे. दोन-चारच उत्पादने असलेल्या यंत्राला अर्थात साधा तक्ता पुरतो.

मूल्ये पाठवताना ती प्रथम पीएलसीतील तात्पुरत्या जागेत लिहितात, परत वाचून पडताळतात आणि मगच एका आज्ञेने लागू करतात. एरवी मध्येच संपर्क तुटल्यास अर्धी मूल्ये नव्या उत्पादनाची व अर्धी जुन्या उत्पादनाची राहू शकतात.

मानके व नोंदी

आयएसए-८८ या मानकाचा पहिला भाग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कृतीचा क्रम आणि यंत्राची क्षमता यांची फारकत केलेली आहे. मूळ 'मास्टर' रेसिपीवरून प्रत्येक बॅचसाठी स्वतंत्र 'कंट्रोल' रेसिपी घेतली जाते. त्यामुळे एका बॅचपुरता केलेला बदल मूळ प्रतीला लागत नाही.

औषधनिर्मितीत हा प्रश्न सर्वांत नाजूक ठरतो. भारतातील औषध नियम, १९४५ च्या अनुसूची 'एम'नुसार प्रत्येक बॅचच्या उत्पादनाची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. अमेरिकेला औषधे पाठवणाऱ्या कारखान्यांना इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचे तेथील १९९७ चे नियमही पाळावे लागतात. त्यांनुसार बदल कोणी व केव्हा केला याची नोंद आपोआप व्हावी लागते आणि जुनी नोंद झाकली जाता कामा नये. म्हणून मंजूर झालेल्या रेसिपीत खाडाखोड न करता नव्या क्रमांकाची आवृत्ती काढतात आणि बॅचच्या नोंदीत वापरलेल्या आवृत्तीचा क्रमांक लिहितात.