नैवेद्याआधी खाल्लेला मोदक

सहा वर्षांची मुलगी वॉर्डात दाखल होती. दोन आठवडे सारखी तहान, रात्री अंथरुणात लघवी, उतरलेलं वजन आणि रक्तातली साखर पाचशेच्या वर. निदान टाइप-१ मधुमेहाचं. इन्सुलिन सुरू झालं, तिसऱ्या दिवशी पोरगी उठून बसली, पण कोणाशी बोलेना. चौथ्या दिवशी तिने सिस्टरच्या कानात सांगितलं, की गणपतीत नैवेद्य दाखवायच्या आधीच तिने एक मोदक खाल्ला होता. म्हणून तिला 'साखर' झाली.

आईला आम्ही सगळं समजावलं होतं, आजीलाही. जिला आजार झाला तिलाच कोणी काही सांगितलं नव्हतं. लहान आहे, तिला काय कळतंय!

कळतं, पण त्या वयाच्या पद्धतीने. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (1896–1980) तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होते. बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांनी त्यांचं लक्ष वेधलं, कारण एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती. पुढे 1932 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा सफरचंदं चोरून पळतो, वाटेतला जुनाट पूल मोडतो आणि तो पाण्यात पडतो. चोरी केली नसती तर पडला असता का? मोठी मुलं म्हणाली, पूल कुजका होता, तरीही पडलाच असता. लहानांपैकी अनेकांचं उत्तर होतं, नसता पडला. चूक केली की शिक्षा होतेच, ती पूलसुद्धा देतो. आमच्या मुलीचा मोदक अगदी याच हिशेबातला.

प्रत्यक्षात टाइप-१ मधुमेहात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही. पण सहा वर्षांच्या मुलीला प्रतिकारशक्ती सांगून काय उपयोग? आम्ही म्हटलं, "तुझ्या पोटात इन्सुलिन बनवणारं एक छोटं यंत्र होतं, ते बंद पडलं. तू मोदक खाल्ला नसतास तरी बंद पडलं असतं." हे दुसरं वाक्य तीन वेळा सांगावं लागलं. आणि "सारखं गोड मागायची हो" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणाऱ्या आजींना बाहेर नेऊन वेगळं समजवावं लागलं.

"गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील." आमच्या ओपीडीत हे वाक्य रोज ऐकू येतं. मोठ्यांसाठी ती नुसती धमकी. मूल त्यातून शिकतं, की सुई ही शिक्षा आहे. या मुलीला दिवसातून चार सुया घ्यायच्या होत्या.

याहून लहान मुलांना तर शब्दांनी समजावताच येत नाही. त्यांच्यासाठी आई दिसते की नाही, एवढंच खरं. जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये इंग्लंडमध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली. तेव्हा तिथे पालकांच्या भेटीवर कडक बंधनं असत. 1959 च्या प्लॅट समितीने ती सैल करून आईला मुलाजवळ राहू देण्याची शिफारस केली. आमच्या वॉर्डात आई पहिल्यापासून खाटेजवळच झोपते. यामागे धोरण किती आणि माणसांची टंचाई किती, हा प्रश्न वेगळा. मुलांचं भलं झालं हे खरं.

आमची मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा चित्र पालटलं होतं. कारण आणि परिणाम ती नीट जोडू लागली. वहीत आकडे, रकाने, वेळा. आईच्या देखरेखीखाली सुई स्वतः टोचायची. पण या वयात नियम म्हणजे नियम. एकदा उलट्या होत होत्या, पोटात अन्न नव्हतं, तरी तिने सकाळचा पूर्ण डोस घेतला. साखर उतरली, घाम फुटला. "तक्त्यात तसंच लिहिलंय," ती म्हणाली. चूक आमची होती. आजारपणात इन्सुलिन बंद करायचं नसतं, पण डॉक्टरांना विचारून डोस बदलावा लागतो, हे तक्त्यात कुठेच नव्हतं. आता आम्ही 'जेवण गेलं नाही तर', 'उलटी झाली तर' असे वेगळे रकाने देतो.

चौदाव्या वर्षी ती पुन्हा दाखल झाली, कीटोअ‍ॅसिडोसिस होऊन, अर्धवट शुद्धीत. शाळेतला दुपारचा डोस पंधरा दिवस चुकवलेला आणि सहलीत तर दोन दिवस इन्सुलिनच नाही. आता ती 'असं झालं तर काय होईल' याचा विचार करू शकत होती. मूत्रपिंडं, डोळे, सगळं तिला पाठ होतं. मग असं का? 2005 मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी मुलांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला, कधी एकट्याने, कधी मित्रांसमोर. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. चोविशीपुढच्यांत तसा फरक पडला नाही. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. वडील तिला किडनीची भीती घालत होते. वीस वर्षांनंतरची किडनी आणि आज बसमध्ये मैत्रिणींसमोर काढायची सुई, यात तिच्यापुरती सुई जड होती.

या वेळी भाषण दिलं नाही. एवढंच विचारलं, की वर्गातल्या कोणा एकीला सांगितलेलं चालेल का? बराच वेळ गप्प राहून तिने एक नाव घेतलं.

पुढच्या तपासणीला दोघी आल्या. चक्कर आली तर साखर किती द्यायची, हे मैत्रिणीने वहीत लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, "हे गोड जास्त खाल्ल्यामुळे होतं का?" मी उत्तर द्यायच्या आधीच आमची मुलगी यंत्राबद्दल सांगू लागली होती.

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)